टॉर्टॉइज एसव्हीएन : वर्ड, इनडिझाइन, ऑटोकॅडच्या फायलींसाठी जुने पण भक्कम कुलूप

प्रोग्रामर मंडळी गिट या फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळून बरीच वर्षे झाली. गिटवरचे काम ठेवणाऱ्या गिटहब या साइटने ८ जानेवारी २०२४ रोजी सबव्हर्जन या त्याच प्रकारच्या जुन्या सॉफ्टवेअरची जोडणीही बंद केली. मग २००४ साली १.० आवृत्ती आलेल्या सबव्हर्जनचा आणि त्याच्या विंडोजवरच्या कासवाचा, म्हणजे टॉर्टॉइज एसव्हीएनचा, रिव्ह्यू आता कशाला? तर प्रोग्रामर नसलेल्यांसाठी. पाठ्यपुस्तकांची टीम, दिवाळी अंकाची मांडणी करणारे, आर्किटेक्टचे ऑफिस, टेंडरची कागदपत्रे तयार करणारे यांच्या फायली वर्ड, एक्सेल, इनडिझाइन नाहीतर ऑटोकॅडच्या असतात. एकच फाइल दोघांनी आपापल्या मशीनवर बदलली, तर त्या दोन प्रतींची एक करणे वर्डमध्ये कटकटीचे असते आणि इनडिझाइन-ऑटोकॅडमध्ये जवळपास अशक्य. अशा कामाला एका वेळी एकाच्याच हातात फाइल देणारी व्यवस्था लागते, आणि या एका बाबतीत टॉर्टॉइज एसव्हीएन अजून फार चांगले आहे. मात्र बसवल्या बसवल्या ते तसे चालत नाही. दोन-तीन गोष्टी हाताने लावाव्या लागतात, आणि त्या राहिल्या की लोक सॉफ्टवेअरला नावे ठेवतात.

आधी कोण काय ते पाहू. सबव्हर्जन हे मूळ यंत्र. कोलॅबनेट कंपनीने २००० साली ते सुरू केले, २०१० पासून ते अपाची फाउंडेशनकडे आहे. टॉर्टॉइज एसव्हीएन हा त्याचा विंडोजवरचा चेहरा. फाइल एक्स्प्लोररच्या उजव्या क्लिकच्या मेन्यूत बसतो. दोन्ही फुकट, कंपनीत वापरले तरी. सध्याची मालिका १.१४, तिची सुरुवात मे २०२० ची. म्हणजे दर महिन्याला बटणांची जागा बदलणारे हे सॉफ्टवेअर नव्हे, आणि ऑफिसच्या दृष्टीने हा गुणच आहे. विंडोज ११ वर मेन्यू दिसला नाही तर शिफ्ट दाबून उजवी क्लिक करा, जुना मेन्यू उघडतो.

कल्पना सोपी आहे. सगळ्यांची मिळून एक रिपॉझिटरी, म्हणजे सगळ्या आवृत्त्यांचे कोठार, सर्व्हरवर असते आणि प्रत्येकाच्या मशीनवर कामाची आपली प्रत, म्हणजे वर्किंग कॉपी. 'चेकआउट' (ही प्रत पहिल्यांदा उतरवणे) एकदाच करायचे, मग रोज 'अपडेट' (इतरांचे बदल आणणे) आणि 'कमिट' (आपले बदल सर्व्हरवर पाठवणे). ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरपेक्षा मोठा फरक असा, की तिथे तुम्ही सेव्ह केलेले अर्धवट कामही काही सेकंदांत सगळ्यांकडे पोचते. इथे कमिट करेपर्यंत ते तुमच्याकडेच राहते. शिवाय आवृत्तीचा आकडा फाइलगणिक नसून संपूर्ण रिपॉझिटरीचा असतो. ४१२ म्हटले की त्या क्षणीचा सगळा प्रकल्प, चित्रे आणि तक्ते धरून. छापखान्याला पाठवलेल्या पीडीएफच्या नावात हा आकडा घातला की 'कोणत्या प्रतीवरून छापलं?' या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर मिळते. एवढ्यासाठीही हे सॉफ्टवेअर ठेवायला हरकत नाही.

कमिट अर्ध्यात तुटत नाही, हेही महत्त्वाचे. तीस फायली पाठवताना वीज गेली तर सर्व्हरवर पंधरा फायलींची आवृत्ती तयार होत नाही. एकतर सगळ्या जातात किंवा एकही नाही. दुपारच्या भारनियमनाची सवय असलेल्या गावात याची किंमत वेगळी सांगायला नको.

लॉक : घ्यायचे कसे, आणि नुसते घेऊन का भागत नाही

फाइलवर उजवी क्लिक, टॉर्टॉइज एसव्हीएन, 'गेट लॉक'. चौकटीत कारण लिहायचे, उदाहरणार्थ 'प्रकरण ३, आकृत्या बदलणे', आणि ओके. यानंतर दुसऱ्या कोणाचेही त्या फाइलचे कमिट सर्व्हर नाकारतो. तुम्ही कमिट केलेत की लॉक आपोआप सुटते. काम अजून बाकी असेल तर कमिटच्या खिडकीत 'कीप लॉक्स'वर खूण करायची. काही न बदलता फाइल सोडायची असेल तर 'रिलीज लॉक'. हे शेवटचे लोक हमखास विसरतात.

आता अडचण. नुसते लॉक घेतले तर दुसऱ्याच्या मशीनवर काहीच बदलत नाही. त्याची प्रत नेहमीसारखी उघडते, तो दिवसभर तीत काम करतो, आणि संध्याकाळी कमिट करताना नकार मिळतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मी घेतलीय' असे टाकणे म्हणजे एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकणे. नुसते लॉकही बऱ्याच अंशी तसेच. ज्याने रुमाल पाहिलाच नाही तो बसणार.

यावर उपाय म्हणजे 'नीड्स-लॉक' हा गुणधर्म. तो लावलेली फाइल प्रत्येकाच्या वर्किंग कॉपीत रीड-ओन्ली होऊन बसते आणि लॉक घेतले तरच लिहिता येते. लावायची पद्धत : फायली निवडा, उजवी क्लिक, टॉर्टॉइज एसव्हीएन, 'प्रॉपर्टीज', 'न्यू', त्यातून 'नीड्स-लॉक', खूण करा, ओके, आणि मग कमिट. हे कमिटच राहून जाते आणि गुणधर्म एकाच मशीनवर अडकून पडतो. बाकीच्यांकडे तो त्यांच्या पुढच्या अपडेटनंतरच पोचतो, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांना एकदा अपडेट करायला लावा.

नवीन फायलींना दर वेळी हाताने हे लावणे कोणी करत नाही. त्यासाठी मुख्य फोल्डरवर 'ऑटो-प्रॉप्स' लावायचे. त्याच 'न्यू'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' उघडून 'एसव्हीएन:ऑटो-प्रॉप्स' निवडा आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी एक ओळ लिहा : तारांकन, टिंब, फाइलचे शेपूट, बरोबरचे चिन्ह, गुणधर्माचे पूर्ण नाव (svn:needs-lock), पुन्हा बरोबरचे चिन्ह आणि तारांकन. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, इनडिझाइन, फोटोशॉप, इलस्ट्रेटर, ऑटोकॅड, पीडीएफ, जेपीजी, टिफ यांच्या ओळी एकदा लिहिल्या की खालच्या सगळ्या फोल्डरांत नव्या फाइलला 'ॲड' करतानाच गुणधर्म लागतो. ही सोय १.८ पासून आहे, त्यामुळे एखाद्या मशीनवर त्याहून जुना टॉर्टॉइज पडून असेल तर तिथून आलेल्या फायली बिनकुलपाच येतील. आधीपासून रिपॉझिटरीत असलेल्या फायलींना मात्र हे लागू होत नाही, त्या हातानेच कराव्या लागतात.

साध्या मजकुराच्या फायलींना नीड्स-लॉक लावू नका. टेक्स्ट, सीएसव्ही, लाटेक (साध्या मजकुरातून पुस्तक मांडण्याची पद्धत) यांच्या फायलींत दोघांचे बदल सबव्हर्जन स्वतः जोडतो. तिथे कुलूप घातले तर माणसे उगाच एकमेकांची वाट पाहत बसतात.

क्रम असा ठेवा : अपडेट, लॉक, मग फाइल उघडणे. तुमची प्रत जुनी असेल तर सर्व्हर लॉक देतच नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर तुम्ही कालच्या मजकुरावर आजचे काम केले असते. फाइल आधी उघडून मग लॉक घेतले तर वर्डला ते कळत नाही. त्याने फाइल रीड-ओन्ली म्हणून उघडलेली असते आणि तो तेच धरून बसतो. बंद करून पुन्हा उघडावी लागते.

सगळ्यात मोठी गळती इथेच होते. माणूस लॉक न घेता वर्ड उघडतो, वरच्या पट्टीवरचे 'रीड-ओन्ली' वाचत नाही, दोन तास टाइप करतो, आणि सेव्ह करताना वर्ड नवीन नाव मागतो. तो शेवटी 'नवीन' जोडून त्याच फोल्डरात सेव्ह करतो. झाले! एकाच प्रकरणाच्या दोन फायली, ज्या टाळायला हा सगळा खटाटोप केला होता. कमिटच्या खिडकीत अशी फाइल 'नॉन-व्हर्जन्ड' म्हणून दिसते, तिथेच तिला पकडा. 'सिलेक्ट ऑल' करून पाठवून देऊ नका. आणि रीड-ओन्लीची खूण विंडोजच्या प्रॉपर्टीजमधून कोणालाही काढता येते. ही शिस्तीची सोय आहे, सुरक्षेची नाही.

लॉक घेऊन कोणी गणपतीला गावी गेले तर? 'गेट लॉक'च्या खिडकीत 'स्टील द लॉक्स' अशी चौकट असते, तिने ते स्वतःकडे ओढून घेता येते. नुसते तोडायचे असेल तर 'रेपो-ब्राउझर'मधून (सर्व्हरवरची रिपॉझिटरी दाखवणारी खिडकी) 'ब्रेक लॉक'. दोन्हींत पहिल्या माणसाच्या मशीनवरचे काम पुसले जात नाही, पण त्याला ते कमिट करता येत नाही. परत आल्यावर त्याने आपली फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवून, 'रिव्हर्ट' (कमिट न केलेले बदल टाकून देणे) आणि अपडेट करून, बदल पुन्हा हाताने घालायचे. म्हणून आधी फोन, मग लॉक तोडणे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला लॉक ओढणे सरसकट बंद करायचे असेल तर प्री-लॉक हुकने (लॉक देण्याआधी सर्व्हरवर आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) करता येते.

एक बारकावा : लॉक माणसाच्या नावावर असले तरी त्याची चावी ज्या वर्किंग कॉपीतून घेतले तिथेच असते. ऑफिसच्या मशीनवर लॉक घेऊन रात्री घरच्या लॅपटॉपवरून तीच फाइल कमिट करायला गेलात, तर नाव तुमचेच असूनही नकार मिळेल. लॅपटॉपवरून लॉक ओढून घ्यावे लागते.

फाइल कोणाकडे आहे हे आपणहून कळत नाही, हा खरा उणा मुद्दा. 'चेक फॉर मॉडिफिकेशन्स' उघडून 'चेक रिपॉझिटरी' दाबले की लॉकच्या रकान्यात नावे दिसतात. लॉक घेताच मेल जावा असे वाटत असेल तर सर्व्हरवर हुक लिहायला माणूस शोधा.

जुन्या प्रतीकडे परत जाताना

'शो लॉग'मध्ये सगळी यादी दिसते : आकडा, नाव, वेळ, संदेश. संदेश रिकामा ठेवता येतो आणि लोक तो रिकामाच ठेवतात. सहा महिन्यांनी अशा यादीचा काही उपयोग नसतो. मुख्य फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लॉग साइझेस' म्हणून नोंद आहे. तिथे किमान वीस अक्षरे घाला, त्याहून छोट्या संदेशावर कमिटचे बटण चालत नाही. लॉकच्या संदेशालाही अशीच मर्यादा घालता येते.

यादीतल्या ओळीवर उजवी क्लिक केली की तीन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी पुढे येतात आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. 'अपडेट आयटम टू रिव्हिजन' फक्त तुमच्या मशीनवर जुनी प्रत आणते, बघण्यापुरती. तीत बदल करून कमिट केले तर 'आउट ऑफ डेट' असा नकार येतो, आणि पुढच्या साध्या अपडेटला नवी प्रत पुन्हा येऊन बसते. 'रिव्हर्ट टू धिस रिव्हिजन' म्हणजे त्या आकड्यानंतरचे सगळे बदल उलटे करणे. यानंतर कमिट केले की जुना मजकूर नव्या आकड्याने सगळ्यांकडे जातो. बहुतेक वेळा हवे असते ते हेच. 'रिव्हर्ट चेंजेस फ्रॉम धिस रिव्हिजन' फक्त त्या एका कमिटमधला बदल काढते, नंतरचे ठेवते. साध्या मजकुराच्या फायलींत हे सुरेख चालते. वर्ड-इनडिझाइनमध्ये मधलाच एक बदल उपटून काढता येत नाही, तिथे त्या वाटेला जाऊ नका.

उजव्या क्लिकच्या मुख्य मेन्यूतला 'रिव्हर्ट' याहून निराळा. तो कमिट न केलेले काम टाकून देतो. टाकलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, त्यामुळे घाईत चूक झाली तरी आधी तिथे बघा.

दोन आवृत्त्यांतला फरक पाहणे साध्या मजकुरासाठी उत्तम. दोघांचे बदल जोडताना टॉर्टॉइजमर्ज या सोबतच्या अवजारात डावीकडे त्यांचे, उजवीकडे आपले, खाली जोडलेले. मराठी मजकुरासाठी एक सूचना : परिच्छेद एकाच लांब ओळीत असेल तर एका काना-मात्रेच्या बदलालाही अख्खा परिच्छेद बदलला असे धरले जाते, आणि दोघांनी त्यातली वेगवेगळी वाक्ये बदलली तरी कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे बदल आपोआप जुळत नाहीत. लाटेक किंवा साधा मजकूर असेल तर दर वाक्याला नवी ओळ घ्या. कॉन्फ्लिक्टची संख्या लगेच कमी होते.

वर्डच्या फायलींसाठी टॉर्टॉइजबरोबर स्क्रिप्ट येतात. लॉगमधून फरक मागितला की वर्ड उघडून त्याची स्वतःची तुलना दाखवली जाते, अर्थात मशीनवर वर्ड असेल तर. चित्रांसाठी वेगळे छोटे अवजार सोबत आहे, दोन चित्रे शेजारी किंवा एकावर एक ठेवून पाहता येतात. इनडिझाइन आणि ऑटोकॅडसाठी काहीच नाही. तिथे प्रत्येक महत्त्वाच्या कमिटसोबत पीडीएफही टाकण्याची पद्धत ठेवा, निदान डोळ्यांनी तुलना करता येते.

अंतिम पीडीएफ काढण्याआधी एक गोष्ट : कमिट केले म्हणजे अपडेट झाले असे नाही. तुम्ही एक फाइल पाठवलीत आणि आकडा ४१३ आला, तरी तुमच्याकडची बाकीची प्रकरणे ४०५ वर असू शकतात. वर्किंग कॉपीत असे मिश्र आकडे असणे नेहमीचेच, दोष नव्हे. पण त्या अवस्थेत काढलेली पीडीएफ ४१३ ची नसते. छपाईसाठी रेपो-ब्राउझरमधून हवा तो आकडा निवडून 'एक्स्पोर्ट' करा आणि त्या स्वच्छ फोल्डरातूनच पीडीएफ काढा. इनडिझाइनमधल्या चित्रांचे दुवे आणि ऑटोकॅडचे एक्सरेफ (दुसऱ्या ड्रॉइंगचे दुवे) तुटू नयेत म्हणून सगळ्यांच्या मशीनवर वर्किंग कॉपी एकाच ड्राइव्हवर, एकाच नावाच्या फोल्डरात ठेवलेली बरी.

नेहमी येणाऱ्या गडबडी

फाइल बदलली की नाही ते दाखवणारी हिरवी-लाल चिन्हे दिसत नाहीत, ही पहिली तक्रार. चूक टॉर्टॉइजची नाही. विंडोज अशा चिन्हांच्या फक्त १५ नोंदी वाचते, त्याही नावाच्या अक्षरक्रमाने. वनड्राइव्हसारखी सॉफ्टवेअरे पुढचा नंबर लागावा म्हणून आपल्या नोंदीच्या नावापुढे मोकळ्या जागा घालतात, आणि कासव रांगेबाहेर जाते. नको त्या नोंदी कमी करता येतात, पण चिन्हांवर विसंबण्यापेक्षा 'चेक फॉर मॉडिफिकेशन्स' पाहण्याची सवय चांगली.

'वर्किंग कॉपी लॉक्ड' असा संदेश आला तर घाबरू नका. हे लॉक वेगळे, वर सांगितलेल्याशी त्याचा संबंध नाही. अपडेट चालू असताना मशीन बंद पडले किंवा अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली की असे होते. 'क्लीनअप' चालवा. त्याच्या खिडकीतल्या चौकटी मात्र वाचून घ्या. 'क्लीनअप वर्किंग कॉपी स्टेटस' आणि 'ब्रेक राइट लॉक्स' निर्धोक आहेत. 'व्हॅक्यूम प्रिस्टीन कॉपीज'ने डिस्कवरची जागा सुटते. त्याखालच्या 'रिव्हर्ट ऑल चेंजेस' आणि 'डिलीट अनव्हर्जन्ड फाइल्स' यांच्यावर खूण राहिली तर दिवसाचे काम जाऊ शकते.

फाइलचे नाव एक्स्प्लोररमध्येच बदलले की सबव्हर्जनला एक फाइल हरवलेली आणि एक अनोळखी दिसते, आणि जुना इतिहास तुटतो. नाव टॉर्टॉइजच्या 'रिनेम'ने बदलायचे. दुसऱ्या फोल्डरात हलवायची असेल तर उजवे बटण धरून ओढायची, सोडल्यावर मेन्यू येतो. चूक होऊन गेली असेल तर कमिटच्या खिडकीत हरवलेली आणि नवी अशा दोन्ही ओळी एकत्र निवडा, उजवी क्लिक, 'रिपेअर मूव्ह'. ही सोय बऱ्याच जुन्या वापरणाऱ्यांनाही माहीत नसते.

फाइलची नावे देवनागरीत ठेवली तर चालतात, पण दोन खाचा आहेत. एक, विंडोजची मार्गाची २६० अक्षरांची जुनी मर्यादा एक्स्प्लोररला अजून नडते, आणि तिथे प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळा मोजला जातो. 'दुसऱ्या' हा दिसायला छोटा शब्द सात जागा खातो. दोन, याच शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता असा. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्क नावे दुसऱ्या पद्धतीने साठवतात. डिझायनर तसला मॅक वापरत असेल तर विंडोजवरून आलेली 'दुसऱ्या खंडाची' फाइल त्याच्याकडे एकदा हरवलेली आणि एकदा अनोळखी अशी दोनदा दिसते. सबव्हर्जनचे हे फार जुने दुखणे आहे. फाइलच्या नावात आकडे आणि रोमन अक्षरे ठेवा, मराठी शीर्षक आत असू द्या.

वर्डच्या तात्पुरत्या फायली, ऑटोकॅडच्या बॅक फायली, इनडिझाइनच्या स्वतःच्या लॉक फायली, हा कचरा पहिल्याच दिवशी 'ग्लोबल-इग्नोअर्स'मध्ये (दुर्लक्ष करायच्या फायलींच्या यादीत) टाका. आणि वर्किंग कॉपी वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात कधीही ठेवू नका. तिच्या पोटात एक लपवलेला डेटाबेस असतो. सिंक करणारे सॉफ्टवेअर तो मध्येच उचलते आणि दोन मशीनांवर दोन तऱ्हेचा करून ठेवते.

डिस्क, सर्व्हर आणि बॅकअप

वर्किंग कॉपीत प्रत्येक फाइलची मूळ प्रतही लपवून ठेवलेली असते, म्हणून १० जीबीचे काम डिस्कवर २० जीबीच्या आसपास जागा घेते. त्याचा फायदाही आहे : नेट नसताना आपण काय बदलले ते पाहता येते, रिव्हर्ट करता येते. लॅपटॉपवर जागा कमी असेल तर चेकआउट करताना 'चेकआउट डेप्थ'मधून लागतील तेवढेच फोल्डर घ्या. सर्व्हरवर फक्त फरक साठवला जातो खरा, पण वर्डची डॉक्सएक्स ही मुळात दाबलेली झिप फाइल असल्याने तिथे ही बचत फारशी होत नाही.

सर्व्हरसाठी विंडोजवर व्हिज्युअलएसव्हीएन सर्व्हर सगळ्यात सोपा, छोट्या ऑफिसला पुरेल अशी फुकट आवृत्ती मिळते. सबव्हर्जनबरोबर येणारा एसव्हीएनसर्व्ह हलका आहे, ३६९० पोर्टवर चालतो, पण त्याच्या साध्या मांडणीत पासवर्ड उघड्या मजकुरात ठेवलेले असतात. ऑफिसच्या भिंतीबाहेर तो नको. रिपॉझिटरी नेटवर्कच्या शेअर केलेल्या फोल्डरात ठेवून सगळ्यांनी थेट उघडणे हा फुकटचा मार्ग मोहात पाडतो. टाळा. तिथे लिहिण्याचा अधिकार सगळ्यांना द्यावा लागतो, आणि मग एखाद्याने ते फोल्डरच डिलीट केले तर इतिहासासकट सगळे जाते.

सर्व्हरवर आवृत्त्या आहेत म्हणून बॅकअप नको, असे समजू नका. चालू रिपॉझिटरीचे फोल्डर नुसते कॉपी करू नका. 'एसव्हीएनॲडमिन हॉटकॉपी' ही आज्ञा रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर चालवा. 'इन्क्रिमेंटल' जोडले तर फक्त नवे तेवढे जाते. आठवड्यातून एकदा त्या प्रतीवर 'व्हेरिफाय' (प्रत धड आहे का ते तपासणे). 'डम्प' (सगळा इतिहास एका फाइलीत उतरवणे) काढत असाल तर लक्षात ठेवा, त्यात हुक, परवानग्यांच्या फायली आणि चालू लॉक येत नाहीत.

एक गोष्ट मनाविरुद्ध वाटेल अशी. एकदा कमिट झालेले रिपॉझिटरीतून खरोखर पुसण्याचे बटण नाही. कोणी चुकून ४ जीबीचा व्हिडिओ किंवा लोकांच्या आधार कार्डांचे स्कॅन कमिट केले, तर 'डिलीट' करून ते फक्त पुढच्या आवृत्तीतून जाते, जुन्या आकड्यावर तसेच राहते. काढायचे तर पूर्ण डम्प घ्यायचा, एसव्हीएनडम्पफिल्टरने तो मार्ग गाळायचा, नवी रिपॉझिटरी भरायची आणि सगळ्यांनी नव्याने चेकआउट करायचे. खासगी कागदपत्रे हाताळणाऱ्या ऑफिसने या कारणासाठी तरी कोणते फोल्डर आत घ्यायचे हे आधी ठरवावे.

दुसरे काय घेता येईल

गूगल ड्राइव्हवर वर्ड, पीडीएफसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात; 'कायम ठेवा' अशी खूण केली तर पुढेही. चार महिन्यांपूर्वीचे प्रूफ हवे असेल तर हे पुरत नाही. उलट सगळे काम गूगल डॉक्समध्येच होत असेल, दोघांनी एकाच वेळी टाइप करायचे असेल, किंवा निम्मी टीम मोबाइलवर असेल, तर टॉर्टॉइजचा विचारही करू नका. फोनवर ते नाहीच.

गिट फांद्या (कामाच्या समांतर वाटा) काढण्यात आणि जोडण्यात कितीतरी पुढे आहे, कोड असेल तर तेच घ्या. पण त्यात प्रत्येकाच्या मशीनवर सगळा इतिहास येतो, गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल थेट घेत नाही, आणि मोठ्या फायलींसाठी एलएफएस हे जोड-अवजार वेगळे लावावे लागते. एलएफएसमध्ये लॉक आहे, चालतेही. मात्र ज्याला कमांड लाइन म्हणजे काय ते माहीत नाही अशा प्रूफरीडरला कमिट, पुश, पुल, स्टेज हे चार शब्द समजावण्यापेक्षा अपडेट आणि कमिट हे दोन समजावणे सोपे जाते.

तीन ते पंधरा माणसे, सगळी विंडोजवर, न जोडता येणाऱ्या फायली जास्त आणि वर्षानुवर्षांचा इतिहास हवा, असे ऑफिस असेल तर हे बसवा. सर्व्हर, ऑटो-प्रॉप्स, इग्नोअरची यादी आणि बॅकअप हे जाणत्या माणसाचे एका दिवसाचे काम आहे. पहिल्या महिन्यात लोकांना 'आधी अपडेट, मग लॉक, मग उघडा' हे रोज सांगावे लागेल, आणि फोल्डरात 'नवीन' नावाच्या फायली शोधत फिरणारा एक माणूस नेमावा लागेल.